ही गुडघ्याची, ही दाताची

श्रोतेहो, नमस्कार.

दुखण्याच्या गोळ्यांचा डबा प्रत्येक घरात असतो. माझ्या आत्याचा डबा श्रीखंडाचा.

आत्या सत्तरीची. गुडघ्यांसाठी तिला डायक्लोफिनॅक चालू होतं. ऐन दिवाळीआधी दाढ ठणकायला लागली, म्हणून दातांच्या डॉक्टरांनी आयबुप्रोफेन दिलं. गुडघ्याच्या गोळीचं तिने तिथे सांगितलंच नाही. दोन्ही घेत राहिली. तिचा हिशेब सरळ होता : ही गुडघ्याची, ही दाताची. चार-पाच दिवसांत शौचाला काळं व्हायला लागलं, डांबरासारखं चिकट. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तिला वाटलं त्यानेच असेल. मग जिना चढताना धाप लागू लागली, आणि एका दुपारी अनारसे तळता तळता ती भिंत धरून खाली बसली. जठरात व्रण होऊन रक्त जात होतं. दोन पिशव्या रक्त चढवावं लागलं.

मी औषधांच्या दुकानात तीस वर्षं काढली, पण आत्याचा तो डबा त्या रात्री पहिल्यांदा उघडला. आत पट्ट्यांचे कापलेले तुकडे. नाव एकावरही धड नाही. चार गोळ्या मागितल्या की आम्ही कात्री लावतो आणि नाव दुसऱ्याच्या घरी जातं. ही पद्धत बंद झाली पाहिजे, असं मी आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना सांगतो. तोवर तुम्ही नाव लिहून मागा.

तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी सख्खी भावंडं. शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ती कमी करतात, म्हणून सूज आणि दुखणं उतरतं. पण जठराचं अस्तर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात तीही हीच द्रव्यं. दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर आराम फारसा वाढत नाही, अपाय वाढतो. पुन्हा सांगतो : आराम वाढत नाही, अपाय वाढतो.

हृदयासाठी 75 मिलिग्रॅमची अॅस्पिरिन घेणाऱ्यांनी तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊच नये. ते आधी पोटात गेलं, तर अॅस्पिरिनचा रक्त गोठू न देण्याचा गुण अडतो. अॅस्पिरिन मात्र मनाने बंद करू नका.

पॅरासिटामॉल या घरातलं नाही, पण कित्येक जोडगोळ्यांत ते आधीच मिसळलेलं असतं. पट्टी वाचा.

आत्या आता बरी आहे. कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना श्रीखंडाचा तो डबाच पिशवीत घालून नेते आणि टेबलावर उघडून ठेवते.