सहा बिया उचलण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

फोंड्यात जुलैचा पाऊस लागला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक, करंट जाणार. दुसरी, करंट गेला की माझा भाचा कपाटातला डबा काढून जमिनीवर चटई अंथरणार. डब्यात पत्ते असतात. बावन्न पानांचे नव्हेत, पोकेमॉनचे. तो बारा वर्षांचा, आणि मी जन्मभर हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेली त्याची आत्या. त्याला खेळायला जोडीदार मिळेना म्हणून त्यानं मला शिकवलं, आणि आता मलाच नाद लागला आहे. मोबाईलच्या उजेडात आम्ही खेळतो. या खेळात पोकेमॉनला मार बसला की दर दहा डॅमेजला एक खूण त्याच्या पानावर ठेवायची असते. खोक्यातून आलेल्या पुठ्ठ्याच्या खुणा कधीच हरवल्या. आम्ही काजूच्या बिया वापरतो. एक बी म्हणजे दहा.

मला आज बोलायचं आहे ते या बिया उचलणाऱ्या पानाविषयी. उपचाराचं पान म्हणा, हीलिंग कार्ड म्हणा.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोनच शब्द. प्रत्येकाकडे साठ पानांचा डेक. सुरुवातीला सात पानं हातात, सहा पानं पालथी बाजूला. ती प्राइझ कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपल्या सहांतलं एक उचलायचं. पोकेमॉन मोठा, म्हणजे ‘ईएक्स’ जातीचा असेल तर दोन. ज्याची सहा आधी संपली तो जिंकला. प्रत्येक पोकेमॉनवर एचपी, म्हणजे मार सोसायची त्याची ताकद, लिहिलेला असतो, बियांची बेरीज तिथवर पोचली की तो गेला. एवढं पुरे.

तर पहिले कित्येक महिने माझी खेळण्याची रीत अशी होती: लागलं की फुंकर. पोकेमॉनवर चार बिया पडल्या की माझा हात उपचाराच्या पानाकडे गेलाच. भाचा म्हणायचा, "कितें गो आत्या, परत तेंच?" मी त्याच्यापेक्षा जास्त बिया उचलायचे आणि त्याच्यापेक्षा जास्त डाव हरायचे. एकदा तो अगदी शांतपणे म्हणाला, "आत्या, तू त्याला वाचवत नाहीस. सलाईनवर ठेवतेस."

लागलं मला ते. पण गणिताच्या बाईला असं कुणी बोललं की ती वही काढते.

वहीत पहिली गोष्ट आली ती वेगळ्याच खेळाची. पत्त्यांचा नाद आपल्या भागाला जुनाच. शेजारी सावंतवाडीत दशावतारी गंजिफा अजून रंगवतात, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, एकशेवीस गोल पानांचा संच. पण ज्या खेळात दोघांनी आपापला निवडलेला डेक घेऊन बसायचं, तशा संग्राह्य पत्त्यांची आजची सगळी घराणी सुरू होतात ‘मॅजिक: द गॅदरिंग’पासून. १९९३ साल. रचनाकार रिचर्ड गारफिल्ड, गणितातले डॉक्टरेट. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.) त्यांच्या पहिल्याच संचात पाच पानांचं एक कुटुंब आहे. पाच रंग, प्रत्येकाचं एक पान, प्रत्येकाची किंमत सारखीच, त्या रंगाचा एक माना (पान खेळायला खर्चायची जादूची शक्ती). आणि प्रत्येक पान देतं तीन. लाल देतं तीनचा वार. हिरवं एका प्राण्याला त्या फेरीपुरतं तीन-तीन बळ देतं. काळं तीन माना देतं. निळं तीन पानं उचलू देतं. आणि पांढरं, ‘हीलिंग साल्व्ह’, म्हणजे मलमच, तीन आयुष्य भरून देतं किंवा येणारा तीनचा मार अडवतं.

कागदावर पाचही सारखीच, सगळीकडे तीन. पुढं काय झालं? निळं पान खेळाच्या इतिहासातल्या सगळ्यांत जबर पानांत गेलं. ते विकत घ्यायचं तर आज घरचे दागिने मोडावे लागतील. लाल आणि काळं वर्षानुवर्षं लोक हौसेनं खेळले. मलम मात्र तिथंच राहिलं, कुणी हिंग लावून विचारलं नाही.

का? कारण त्या खेळात तुम्ही वीस आयुष्यावर सुरुवात करता. समोरच्याचा राक्षस तुम्हाला दर फेरीला तीननं चावतो आहे. मलम लावलंत, तीन भरले. राक्षस कुठं गेला? कुठंच नाही. तो उद्याही चावणार. तुमचं एक पान गेलं, त्याचं काहीच गेलं नाही. लाल पानानं राक्षसच मरू शकला असता.

आता पोकेमॉनकडे वळते, आणि श्रोत्यांनी हाताशी कागद घेतला तर बरं. माझ्या वहीत निघालेलं उत्तर असं, की उपचार बियांत मोजायचाच नाही. तो वारांत मोजायचा.

समजा, तुमच्या पोकेमॉनचा एचपी २०० आहे आणि तुमच्या हातात ६० बरं करणारं पान आहे. ‘पोकेमॉन सेंटर लेडी’ म्हणून एक पान आहे, २०१४ मधलं. आम्ही तिला ‘सेंटरवाल्या बाई’ म्हणतो. त्या साठ डॅमेज काढतात, म्हणजे सहा बिया. समोरच्याचा वार ११०. दोन वारांत २२०, तुम्ही संपलात. मधे बाईंना बोलावलं, तर त्याला एकूण २६० चा मार द्यावा लागणार. दोन वार पुरत नाहीत. तिसरा लागतो. इथं बाई कामाला आल्या.

आता वार १६० चा धरा. २०० एचपीला दोन वार. २६० लाही दोनच, कारण दोनाचे ३२०. सहा बिया उचलल्या, मनाला बरं वाटलं आणि पोकेमॉन पडायचा त्याच फेरीत पडला. वार ९० चा असेल तर? २०० ला तीन वार, २६० ला तीनच, २७० होतात. पुन्हा पान पाण्यात. आणि आता गंमत बघा. वार १२० चा असेल तर बाई एक फेरी मिळवून देतात, दोन वारांचे २४०, तुमच्या नावावर वीस उरतात. वार १३० चा असेल तर दोन वारांचे नेमके २६०. काहीच उरत नाही. १२० आणि १३० यांत एका बीचं अंतर, आणि त्या एका बीवर अख्खं पान सोनं किंवा माती.

हा हिशेब करायला दहा सेकंदं लागतात. मी इतके महिने तो केलाच नव्हता. वर्गात मुलांना ‘आधी उदाहरण वाचा’ म्हणून ओरडणारी मी!

यातून दोन सवयी लागल्या. एक, लवकर उपचार करायचा नाही. ५० लागलेले असताना ६० चं पान खेळलात तर दहा फुकट; शिवाय समोरचा पुढच्या वेळी कोणता वार काढणार, वीकनेसमुळे, म्हणजे ठरावीक जातीपुढच्या दुबळेपणामुळे, तो दुप्पट होणार का, हे जितकं उशिरा ठरवाल तितकं जास्त ठाऊक असतं. पाडणाऱ्या वाराच्या अगदी आधीच्या फेरीपर्यंत पान हातात धरून बसायचं. दोन, त्या वेळीही हिशेब जमत नसेल तर त्या पोकेमॉनवर पाणी सोडायचं. हे जड जातं, मला अजून जातं.

याहून खोल प्रश्न वेगळाच आहे. बाई ‘सपोर्टर’ जातीचं पान आहे, आणि सपोर्टर एका फेरीत एकच खेळता येतो. ‘आयटम’ हवे तेवढे खेळा, तिथं बंधन नाही. सपोर्टरमध्येच ‘प्रोफेसर्स रिसर्च’ आहे: हातातली पानं टाकून द्या आणि नवी सात उचला. म्हणजे बाईंना बोलावलंत त्या फेरीला प्रोफेसर घरी. सहा बियांची खरी किंमत तुमच्या हातात न आलेली सात पानं. हातात काही नसताना पोकेमॉनला टवटवीत करून बसणं, म्हणजे पंगत बसली, पानं मांडली आणि स्वयंपाकघरात चूल थंड.

मग बाईंना बोलवायचं कधी? इथं गोमंतकीय श्रोत्यांना फुटबॉलचं सांगितलं की लगेच कळेल. फातोर्ड्याला सामना बघताना एक गोलनं पुढं असलेला संघ शेवटच्या मिनिटांत चेंडू कोपऱ्यात नेऊन धरतो, थ्रो-इन सावकाश घेतो. आपण शिट्या मारतो, पण तो शहाणपणाच असतो. मागे असलेल्या संघानं तसं केलं तर? मैदानात बाटल्या पडतील. उपचाराचं पान म्हणजे हा वेळकाढूपणा. ते तुम्हाला एक फेरी देतं, दुसरं काही देत नाही. ती फेरी तुमच्या उपयोगाची की त्याच्या, हे आधी बघायचं.

वार करायचा तर पोकेमॉनला एनर्जीची पानं लावावी लागतात. माझ्या पोकेमॉनवर दोन एनर्जी लागल्यात, मोठ्या वाराला तीन लागतात. तिसरी हातात आहे, पण नियमानं एका फेरीत एकच लावता येते आणि आजची लावून झाली. अशा वेळी एक फेरी म्हणजे सगळं काही. बाई आल्याच पाहिजेत. उलट माझ्याकडे पुढच्या फेरीतही काही घडणार नसेल, आणि समोरचा बेंचवर, म्हणजे मागच्या राखीव रांगेत, आणखी एक राक्षस वाढवत असेल, तर ती फेरी मी त्याला आंदण देते. बाईंचा आणखी एक गुण लोक विसरतात: त्या झोप, विष, लकवा असल्या सगळ्या अवस्थाही काढतात. लकवा लागलेला पोकेमॉन वार करू शकत नाही. तेव्हा एकही बी पानावर नसली तरी बाई खेळण्यासारख्या असू शकतात.

आता जबर औषधांकडे येते. या खेळात पूर्ण बरं करणारी पानं पहिल्यापासून आहेत, आणि पहिल्यापासून त्यांना पथ्य आहे. मूळ संचातलं ‘पोकेमॉन सेंटर’ तुमच्या सगळ्या जखमी पोकेमॉनवरचा सगळा मार काढतं आणि त्यांच्यावरची सगळी एनर्जीही टाकायला लावतं. पोकेमॉन ठणठणीत, पण हात रिकामे. त्याच संचातली साधी ‘पोशन’ काही मागत नाही, पण काढते फक्त वीस. पुढं तीस केले. तोवर पोकेमॉन कुठल्या कुठं गेले होते. पहिल्या संचातला चारिझार्ड १२० एचपीचा, २०२३ मधला चारिझार्ड ईएक्स ३३० चा. वीस म्हणजे पहिल्याचा सहावा हिस्सा, तीस म्हणजे दुसऱ्याचा अकरावा.

माझा जीव मात्र जडला आहे २०११ च्या ‘मॅक्स पोशन’वर. एका पोकेमॉनवरचा सगळा मार काढा आणि त्याची सगळी एनर्जी टाका. वाचलं की वाटतं, कोण खेळेल हे? पण पुढच्या वर्षी ‘हायड्रायगॉन’ आला. तो असला की आपल्या एका पोकेमॉनवरची काळी एनर्जी दुसऱ्यावर हवी तितक्या वेळा सरकवता येते. झालं! जखमी पोकेमॉनवरची एनर्जी आधी शेजाऱ्याकडे ठेवायला द्यायची. मग मॅक्स पोशन. सगळा मार गेला, टाकायला एनर्जीच नाही. मग शेजाऱ्याकडून परत आणायची आणि त्याच फेरीत वार करायचा. समोरच्यानं फेरीमागून फेरी जे कमावलं ते साफ पुसलं, आणि आयटम असल्यामुळे प्रोफेसरही हातचे गेले नाहीत. धाड पडायच्या आधी दागिने शेजारी ठेवल्यासारखं. भाच्यानं हे मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी टाळी वाजवली. गारफिल्डच्या मलमात काय कमी होतं ते मला तिथं कळलं: मलम एकटंच होतं, त्याला कुणाची साथ नव्हती.

जाता जाता थोडं व्यवहाराचं. आपल्याकडच्या दमट हवेत चकचकीत पानं केळीच्या सालीसारखी वळतात, तेव्हा ती प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये घालून, बुटांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा. आणि जत्रेतल्या दुकानांत सोनेरी प्लास्टिकची पानं मिळतात, त्यांवर हजारांत एचपी छापलेला असतो. ती पोरांना खेळायला द्या, डेकमध्ये घालू नका.

बाई डेकमध्ये किती ठेवाव्यात, यावर आमचा वाद आहे. एका नावाची चार पानं चालतात. भाचा म्हणतो दोन. मी म्हणायचे एकच पुरे. उपचाराच्या मोहातून मी इतकी बाहेर आले होते की तो एक बाणाच झाला होता. वास्तविक गणित माझ्याच विषयातलं. साठांत एकच प्रत असेल तर ती सहा प्राइझ कार्डांत अडकण्याची शक्यता साठात सहा, म्हणजे दहा डावांत एकदा. दोन प्रती असतील तर दोन्ही अडकणं शंभर डावांतही एकदा होत नाही.

गेल्या चवथीला आम्ही सावईवेऱ्याच्या मूळ घरी होतो. आरत्या झाल्या, जेवणं झाली, मोठी माणसं पत्त्यांना बसली आणि आम्ही दोघं माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या आराशीच्या, पलीकडे कोपऱ्यात. माझा २०० एचपीचा पोकेमॉन पुढं, त्याच्यावर अकरा बिया. भाच्याचा वार ११० चा. दोन एनर्जी लावलेल्या, तिसरी हातात, आजची लावून झालेली. मला एकच फेरी हवी होती, आणि सहा बिया उचलल्या तर ती मिळत होती. आयुष्यात पहिल्यांदा उपचाराची अगदी बरोबर वेळ साधून आली होती. पण बाई हातात नव्हत्या. मी प्रोफेसर खेळले, तिसऱ्या एनर्जीसकट हात टाकला, सात पानं उचलली. बाई आल्या असत्या तरी त्या फेरीला उपयोग नव्हता, सपोर्टर खेळून झाला होता. पण हातात नसलेलं माणूस बोलवायचं कसं? दुसरा मार्ग नव्हता. सातांत काहीच आलं नाही. पुढच्या वाराला पोकेमॉन पडला, दोन फेऱ्यांनी डावही गेला.

भाच्यानं बिया गोळा करायला घेतल्या. मी माझी उरलेली प्राइझ कार्डं एकेक करून उलटली. एनर्जी. एनर्जी. पोशन. आणि शेवटच्या पानावर, हसतमुख, सेंटरवाल्या बाई.

त्यानं काही न बोलता आपल्या डब्यातून आणखी एक बाई काढून माझ्यापुढं सरकवल्या.

नमस्कार.