लाट चुकते तेव्हा आधी वारा तपासा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर बसलेल्या बहुतेकांनी कधी ना कधी लाटांचं संगणकी मॉडेल, म्हणजे वाऱ्यावरून लाटांची उंची काढणारा प्रोग्राम, चालवलेलं आहे, त्यामुळे लाट कशी तयार होते ते सांगत बसत नाही. टोकाच्या लाटांसाठी वाऱ्याची माहिती कशी सुधारायची, हा आजचा विषय. त्याकडे येतोच, पण आधी एक हकिकत सांगू द्या, ती मला फार प्रिय आहे.

फेब्रुवारी 2000. स्कॉटलंडच्या पश्चिमेला रॉकॉलजवळ ‘डिस्कव्हरी’ हे ब्रिटिश संशोधन जहाज वादळात सापडलं. लाटा मोजणारं उपकरण जहाजावरच बसवलेलं होतं. सर्वांत मोठी लाट शिखरापासून तळापर्यंत 29.1 मीटर भरली. लक्षणीय उंची, म्हणजे सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी, 18.5 मीटरपर्यंत गेली. आता वारा किती होता ते ऐका: सरासरी 21 मीटर प्रतिसेकंद. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्टच्या मापात नऊ. हरिकेन बारावर सुरू होतं! आपल्या नेहमीच्या सूत्रात हा वारा घातला, तर पूर्ण वाढलेल्या समुद्राची, म्हणजे त्या वाऱ्यात याहून न वाढणाऱ्या लाटांची, लक्षणीय उंची दहा मीटरच्या आसपास येते.

मग उरलेली उंची आली कुठून? पश्चिमेचा वारा दोन दिवस अटलांटिकवरून सलग वाहत होता, आणि त्यातला फ्रंट, म्हणजे दोन वेगळ्या हवांमधली सीमा, जवळजवळ लाटांच्या समूहवेगानंच, म्हणजे लाटांची ऊर्जा पुढे जाते त्या वेगानंच, पुढे सरकत होता. ढकलगाडीच्या मागे तिच्याच वेगानं चालत धक्का देत राहावं, तसं. लाटा वाऱ्याच्या पट्ट्यातून बाहेर पडल्याच नाहीत. नंतर त्या वादळाचा हिंडकास्ट केला गेला, म्हणजे होऊन गेलेलं वादळ मॉडेलमध्ये पुन्हा चालवलं. लाटांचा समूह कधी येणार, हे त्यानं बरोबर दाखवलं. सर्वांत मोठ्या लाटा मात्र कमी दाखवल्या.

4 फेब्रुवारी 2013 ला आइसलंड आणि ब्रिटनच्या मधल्या एका बॉयनं, म्हणजे मोजमापाच्या तरंगत्या उपकरणानं, 19 मीटर लक्षणीय उंची नोंदवली. जागतिक हवामान संघटनेनं तो बॉयवरचा विक्रम म्हणून मान्य केला आहे. तिथेही नुकताच जोरदार शीत फ्रंट सरकून गेलेला, आणि वारा 43.8 नॉटपर्यंत. म्हणजे तोही नऊ नंबरच! म्हणून माझं कळकळीचं म्हणणं आहे, की वाऱ्याचा आकडा सुधारणं पुरेसं नाही. वारा कुठे होता, कधी होता आणि किती वेगानं सरकत होता, हे सुधारलं पाहिजे.

आपण करतो काय? लाट बॉयपेक्षा कमी आली, की बीटामॅक्स, म्हणजे वाऱ्याकडून लाटेला किती ऊर्जा मिळते ते ठरवणारा मॉडेलमधला गुणक, वाढवतो. मी हे वर्षानुवर्षं बघत आलो आहे आणि मला त्याचा मनापासून राग येतो. आकडा जुळतो, आलेख सुंदर दिसतो, अहवाल जातो. वाऱ्याचा स्रोत बदलला की तोच गुणक लाटा फुगवतो. वाऱ्याची चूक लाटांच्या भौतिकशास्त्रात पुरून टाकली, की पुढच्या माणसाला ती सापडतच नाही. आणि त्या आकड्यांवरूनच कुणीतरी शंभर वर्षांची लाट काढून समुद्रातल्या फलाटाची उंची ठरवत असतो.

ज्या बॉयवर आपण एवढा विश्वास टाकतो, त्याचा वारामापक पाण्यापासून जेमतेम तीन-चार मीटरवर असतो. पंधरा मीटरच्या लाटांत तो दर थोड्या वेळानं खळग्यात, आडोशाला जातो. तिथला वारा दहा मीटर उंचीवर आणताना उंचीनुसार वारा कसा वाढतो ते सांगणारं नेहमीचं लॉगरिदमिक सूत्र लावून मोकळं व्हायचं? मला ते पटत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. मुख्य मुद्दे भराभर सांगतो.

लाटेची उंची ढोबळमानानं वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा दहा टक्के कमी धरला, तर लाट वीस टक्क्यांच्या आसपास खाली येते. ERA5 या रिअ‍ॅनॅलिसिसची, म्हणजे निरीक्षणं आणि मॉडेल मिळून तयार केलेल्या जुन्या हवामानाच्या संचाची, जाळी सुमारे 31 किलोमीटरची आहे, त्यात वादळाचा गाभा बोथट होतो. त्यामुळे दुरुस्ती सरासरीवर बेतू नका. वरच्या शतमानांवर, म्हणजे सर्वांत जोरदार वाऱ्यांवर, दिशेनुसार वेगळी करा.

वाऱ्याचे जुने संच दर सहा तासांच्या नकाशांचे आहेत. ताशी 72 किलोमीटरनं पळणारं वादळ तेवढ्यात 432 किलोमीटर जातं. दोन नकाशांच्या मध्ये सरळ अंतर्वेशन केलं, म्हणजे मधल्या वेळेचे आकडे दोन्हींवरून काढले, तर वादळ सरकत नाही. एका जागी विरतं आणि दुसऱ्या जागी उगवतं. रॉकॉलची लाट नेमकी इथेच हरवते! आधी केंद्राचा मार्ग धरा, वादळासोबत सरकणाऱ्या चौकटीत अंतर्वेशन करा, मग मूळ जाळीवर आणा.

उपग्रहांचं सांगायचं, तर समुद्रपृष्ठावरून परतणाऱ्या रडार लहरींवरून वारा मोजणाऱ्या स्कॅटेरोमीटरपैकी आखूड लहरींच्या केयू-बँडला पाऊस नडतो, आणि जास्त लांब लहरींच्या सी-बँडचा संकेत जोरदार वाऱ्यात वाढेनासा होतो. तिथे एसमॅप उपग्रहावर आहेत तसे, समुद्रातून निघणाऱ्या आणखी लांब लहरी मोजणारे एल-बँड रेडिओमीटर कामाला येतात, कारण फेस वाढतो तसा त्यांचा संकेतही वाढतच राहतो. त्यांचं चित्र मात्र ढोबळ, चाळीसेक किलोमीटरचं. म्हणून उष्ण कटिबंधातल्या चक्रीवादळांत हॉलंडच्या सूत्रासारखा, वादळाच्या केंद्राभोवतीचा वारा दाखवणारा भोवरा बसवून तो कडेला रिअ‍ॅनॅलिसिसमध्ये मिसळा. आणि 33 मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे ड्रॅग गुणांक, म्हणजे वारा पाण्याला किती ओढतो ते सांगणारा आकडा, वाढत ठेवू नका. 2003 साली ड्रॉपसोंडच्या, म्हणजे विमानातून वादळात सोडलेल्या मापकांच्या, नोंदींतून तो तिथे थांबलेला दिसला आहे.

निरीक्षणं सांभाळणारे लोकही इथे आहेत, त्यांना एक विनंती. तासाच्या सरासरीबरोबर कच्च्या नोंदी ठेवा, आणि वारामापकाची उंची प्रत्येक फाइलमध्ये लिहा. ड्रॅगवरचे प्रश्न आता घेऊ.