चूक पायलटाची, असं म्हणतात

[दृश्य: म्हापसा मार्केट, सकाळ. काळ्या बाईक्सची रांग, पुढचे मडगार्ड पिवळे.]

गोव्यात तुम्ही कुणाला विचारलं की पायलट कुठं भेटेल, तर तो माणूस आभाळाकडे बघत नाही, मार्केटच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो. आमच्याकडे मोटारसायकल टॅक्सी चालवणाऱ्याला पायलटच म्हणतात. बाहेरून आलेल्यांना गंमत वाटते, आम्हाला त्यात काहीच वाटत नाही. "खंय वचपाचें, पात्रांव?" झालं, बसायचं मागे.

ह्याच स्टँडवरच्या एकाला मी सांगितलं की बोईंग ह्या अमेरिकन विमान बनवणाऱ्या कंपनीवर व्हिडिओ करतोय, तिच्या विमानांत एवढी माणसं मेली ती चूक नक्की कुणाची म्हणून. तर तो म्हणाला, "ब्रेक लागला नाही तर मागे बसलेला माझ्याच नावानं शंख करणार. ब्रेक बनवणाऱ्याला कोण विचारतो?"

[दृश्य: समुद्र, वरून.]

२९ ऑक्टोबर २०१८. जकार्ताहून उडालेलं इंडोनेशियाच्या लायन एअरचं बोईंग ७३७ मॅक्स विमान थोड्याच मिनिटांत जावाच्या समुद्रात गेलं, १८९ माणसं. कॅप्टन आपला दिल्लीचा. आणि सूर लगेच कुठला लागला, तर तिकडच्या एअरलाईन्स अशाच, तिकडचे पायलट कच्चे.

आता विमानात काय होतं ते बघा. मॅक्सचं इंजिन जुन्या ७३७ पेक्षा मोठं, आणि ७३७ मुळात जमिनीला टेकलेलं बुटकं विमान, खाली जागाच नाही, म्हणून इंजिन थोडं पुढे आणि वर बसवलं. त्यामुळे काही ठराविक वेळी नाक जास्त वर जायची प्रवृत्ती आली. ती दाबायला एक सॉफ्टवेअर टाकलं, एमकॅस, जे शेपटीकडचा आडवा पंख हलवून नाक आपोआप खाली आणतं. विमानाला नाकाचा कोन मोजणारे सेन्सर दोन, पण एमकॅस ऐकायचं एकाचंच. तो एक खोटं बोलला की हे नाक खाली दाबणार, पायलटनं वर ओढलं की थोड्या वेळानं परत दाबणार, परत, परत. आणि हे एमकॅस काय करतं ते पायलटच्या मॅन्युअलमध्ये समजावलेलंच नव्हतं. ज्याची माहितीच नाही त्याच्याशी कुस्ती कशी करायची?

लायन एअर धुतल्या तांदळासारखी होती असं मी म्हणणार नाही. त्यांनी बसवलेला सेन्सर दुरुस्त करून आणलेला, अमेरिकेतल्याच फ्लोरिडातून, आणि तो सुमारे २१ अंश चुकीचं दाखवत होता. आदल्या रात्री ह्याच विमानात हाच घोळ झाला, तेव्हा कॉकपिटमध्ये योगायोगानं तिसरा पायलट बसलेला होता आणि ते निभावलं, तरी सकाळी तेच विमान माणसं भरून परत उडवलं. इंडोनेशियाच्या चौकशीत नऊ कारणं एकात एक गुंतलेली निघाली.

पण मला ज्याचा खरा राग येतो ते आणखी मागे आहे.

[दृश्य: जुन्या बातम्यांची कात्रणं.]

डिसेंबर २०१० मध्ये बोईंगच्या प्रतिस्पर्धी एअरबसनं कमी तेल खाणारं ए३२० निओ जाहीर केलं, पुढच्याच वर्षी अमेरिकन एअरलाईन्ससारखं बोईंगचं हक्काचं गिऱ्हाईक तिकडे झुकलं. नवीन विमान बनवायला वेळ नाही, म्हणून साठच्या दशकातल्या सांगाड्यावरच नवीन इंजिन चढवायचं ठरलं. इथपर्यंत ठीक आहे, धंदा आहे. पण विकताना वचन काय दिलं, की तुमच्या पायलटना सिम्युलेटर ट्रेनिंग, म्हणजे नकली कॉकपिटमध्ये बसून सराव, लागणार नाही, जुनं ७३७ येतं ना, मग हेही येतं. साउथवेस्ट एअरलाईन्सला तर शब्द दिला की लागलं तर दर विमानामागे १० लाख डॉलर कमी करू. एकदा हा शब्द दिला की मग एमकॅसबद्दल मोठ्यानं बोलायचीच सोय उरली नाही, कारण बोललं तर ट्रेनिंग आलं आणि ट्रेनिंग आलं तर पैसे आले.

आणि ऐका, २०१७ मध्ये लायन एअर स्वतःहून म्हणत होती की आम्हाला सिम्युलेटर ट्रेनिंग पाहिजे. बोईंगच्या लोकांनी ते त्यांच्या डोक्यातून काढलं आणि आपसातल्या मेसेजमध्ये त्यांना मूर्ख म्हटलं. हे मेसेज जानेवारी २०२० मध्ये बाहेर आले. आपल्या डीजीसीएचाही, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक खात्याचाही, त्यात टिंगलीच्या सुरात उल्लेख आहे. मी ते वाचून दोन मिनिटं फोन बाजूला ठेवला.

मग सरकार काय करत होतं? अमेरिकेच्या एफएएनं, म्हणजे तिकडच्या विमान वाहतूक खात्यानं, तपासणीचं बरंचसं काम बोईंगच्याच माणसांना नेमून दिलेलं, पगार बोईंगचा आणि सही सरकारची. कुंपणालाच शेत खायला दिलं. पहिल्या अपघातानंतर डिसेंबर २०१८ मध्ये एफएएच्याच हिशेबात निघालं होतं की दुरुस्ती केली नाही तर ह्या विमानांच्या आयुष्यात आणखी साधारण १५ अपघात होऊ शकतात, तरी विमानं उडत राहिली. १० मार्च २०१९, इथिओपियन एअरलाईन्स, अदिस अबाबाहून निघाल्यावर सहा मिनिटांत, १५७ माणसं. दोन अपघातांत अंतर १३२ दिवसांचं. इथिओपियाच्या पायलटनी बोईंगनं सांगितलेलं बटण बंद करून बघितलं, पण वेग एवढा झाला होता की नाक सावरायला हातानं फिरवायचं चाक फिरेना.

लोक सांगतात की १९९७ मध्ये बोईंगनं मॅकडॉनेल डग्लस ही दुसरी विमान कंपनी विकत घेतली आणि तिथूनच कंपनी इंजिनिअरांच्या हातातून हिशेबनीसांच्या हातात गेली. थोडं जास्त सोपं करून सांगितलेलं आहे ते, पण २००१ मध्ये विमानं सिएटलकडे बनत राहिली आणि हेडऑफिस शिकागोला गेलं, ह्याला आपल्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. २०१३ ते २०१९ मध्ये ४,००० कोटी डॉलरच्या वर स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला घातले. तो दुसरा सेन्सर एमकॅसला जोडायला किती लागले असते?

[दृश्य: मोपा विमानतळ, पहाट.]

५ जानेवारी २०२३ ला आमच्या पेडण्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, गाववाले गॅलरी असल्यासारखे डोंगरावर उभे राहून विमानं बघत होते. बरोबर एक वर्षानं, ५ जानेवारी २०२४ ला, अमेरिकेत पोर्टलंडवर अलास्का एअरलाईन्सच्या नव्याकोऱ्या मॅक्सच्या भिंतीतला दाराएवढा तुकडा १६,००० फुटांच्या आसपास उडून गेला. त्याच्या शेजारच्या सीटा नशिबानं रिकाम्या होत्या. तो तुकडा सापडला एका शिक्षकाच्या परसात. चार बोल्ट लागायचे, एकही नव्हता. कारखान्यात ते रिव्हेट दुरुस्त करायला काढले आणि कुणी काढले ह्याचा कागदच नाही. इथं पुन्हा सगळे बोल्टवाल्या कामगाराला शोधायला निघाले, पण २०२५ च्या चौकशीत बोट कंपनीच्या ट्रेनिंग आणि देखरेखीकडे गेलं, आणि एफएएकडेही.

एक गोष्ट मात्र, बोईंग दिसली की घाबरायचं असं नाही. दाबोळीला आयएनएस हंसावर नौदलाची पी-८आय विमानं आहेत, २०२२ पासून त्यांची स्क्वाड्रनच इथं आहे, तीही ७३७ च्याच जातीची, पण मॅक्सच्या आधीची, त्यात एमकॅसचं लफडं नाही. आणि जून २०२५ चा अहमदाबादचा अपघात, २६० माणसं, ते विमान बोईंगचंच, पण मॅक्स नव्हे, ड्रीमलायनर. त्यानंतर आमची मोपा ते लंडन गॅटविक फ्लाईटसुद्धा काही काळ बंद ठेवली होती. प्राथमिक अहवालात इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेल्याचं आहे, दोष कुणालाच दिलेला नाही, पण व्हॉट्सॲपवर निकाल दुसऱ्या दिवशीच लागला. काहींनी कंपनीला फासावर चढवलं, बाकीच्यांनी पायलटला. मी त्या अपघाताचं खापर बोईंगवर फोडायला तयार नाही. पायलटवरही नाही.

मॅक्सचं मात्र सांगतो. २०२१ मध्ये २५० कोटी डॉलरचा समझोता झाला, त्यातला दंड फक्त २४ कोटींच्या आसपास, बाकीचं बरंचसं एअरलाईन्सना भरपाई. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीवरचा फौजदारी खटलाही कोर्टानं रद्द केला. एवढ्या ३४६ माणसांसाठी कोर्टात आरोपी म्हणून उभा राहिलेला माणूस एकच, कंपनीचा चीफ टेक्निकल पायलट. तोही पायलटच! मार्च २०२२ मध्ये ज्युरीनं त्याला निर्दोष सोडला. सीईओ डेनिस म्युलेनबर्ग डिसेंबर २०१९ मध्ये गेले, जाताना शेअर आणि पेन्शन धरून ६ कोटी डॉलरच्या वर घेऊन.

[दृश्य: परत म्हापसा, दुपार.]

हे सगळं मी स्टँडवरच्या त्या पायलटाला सांगितलं. त्या सीईओचे पैसे रुपयात किती होतात, त्यानं विचारलं. मी म्हटलं चारशे कोटींच्या वर. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही, हेल्मेटच्या काचेवरची धूळ शर्टाला पुसली आणि म्हणाला, "आणि मी पावसात पन्नास रुपये जास्त मागितले की मला लुटारू म्हणतात."