मुरूड म्हणजे कोणते मुरूड? पोर्टेबल सी आणि नावांचे पत्ते

(मराठवाड्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

लातूरच्या बसस्थानकावर कुणी ‘मुरूडची गाडी लागली का हो?’ असे विचारले, तर ते कोणते मुरूड हा प्रश्न कुणालाच पडत नाही. बार्शी रस्त्यावरचे मुरूड, एवढेच. तोच प्रश्न अलिबागला विचारला तर गाडी जंजिऱ्याच्या मुरूडला नेईल आणि दापोलीत विचारला तर तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर. नाव तेच असते, पण विचारणारा कुठे उभा आहे यावर पत्ता ठरतो. आपल्या लोकांनी यावर उपायही फार पूर्वीच काढलेला आहे. कन्नड तालुक्यातल्या एका चिंचोलीला आपण चिंचोली लिंबाजी म्हणतो, कारण नुसत्या चिंचोल्या पुष्कळ आहेत. इंटरनेटवरच्या यंत्रांना दिलेली डोमेन नावेही हेच करतात. उजवीकडे टिंब देत एकेक शब्द जोडत जातात. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ या फाइलीत ‘सर्च’ नावाची एक ओळ असते. अपुरे नाव आले की त्या ओळीतले डोमेन त्याला जोडून पाहिले जाते, आणि म्हणूनच तुमच्या प्रयोगशाळेत बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या गावी त्याच नावाने भलत्याच यंत्राचे दार ठोठावू शकतो. नावाच्या शेवटी एक टिंब दिले की ते पूर्ण नाव ठरते आणि त्याला काही जोडले जात नाही. हे टिंब आपल्यापैकी फार थोडे जण देतात.

आज मला सांगायचे आहे ते इतकेच की, सी भाषेत नावावरून यंत्राचा अंकांतला पत्ता काढणारा जो कोड एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेताना मोडतो, तो बहुतेक वेळा एकाच गृहीतकामुळे मोडतो. ते गृहीतक म्हणजे, एका नावाला एकच पत्ता असतो आणि तो चार बाइटांचा असतो.

हे गृहीतक आले कुठून, हे पाहण्यासाठी १९८३ मध्ये जावे लागेल. त्या वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नाव पद्धतीचा पहिला आराखडा मांडला आणि त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्सने सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणारे टोक, जगापुढे आणले. ‘गेटहोस्टबायनेम’ हे फंक्शन त्याच घरातले. त्याला एक नाव द्यायचे, ते ‘होस्टेंट’ नावाच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या त्याच्या जागेकडे दाखवणारे बोट, परत देते. त्या स्ट्रक्चरमध्ये पत्त्यांची यादी असते, हे खरे. पण यादीतले सगळे पत्ते एकाच जातीचे असतात, आणि पहिला पत्ता उचलण्यासाठी एक सोयीचा मॅक्रो दिलेला असल्यामुळे बाकीच्या यादीकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही. पाठ्यपुस्तकांतून तीच सवय पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली.

या फंक्शनने माझी केलेली फजिती सांगते. ती चूक सर्वस्वी माझी होती. एका बाजार समितीसाठी तूर आणि सोयाबीनच्या सौद्याचे भाव पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅम मी लिहिला होता. भाव मुख्य सर्व्हरला जावेत आणि तो बंद असेल तर पर्यायी सर्व्हरला जावेत, अशी योजना होती. मी आधी मुख्य सर्व्हरचे नाव विचारले, पॉइंटर जपून ठेवला; मग पर्यायी सर्व्हरचे नाव विचारले आणि तोही पॉइंटर ठेवला. अडचण अशी की, हे फंक्शन बहुतेक युनिक्सवर उत्तर स्वतःच्याच एका कायमच्या जागेत लिहिते आणि प्रत्येक वेळी त्याच जागेचा पॉइंटर देते. माझ्याकडे दोन पॉइंटर होते, पण दोन्ही एकाच पाटीकडे बोट दाखवत होते आणि त्या पाटीवरचे पहिले नाव केव्हाच पुसले गेले होते. कित्येक महिने सगळे भाव मुकाट्याने पर्यायी सर्व्हरकडे जात राहिले. तो बंद पडला त्या दिवशी, मुख्य सर्व्हर धडधाकट असतानाही, आडतीवर भाव दिसेनात.

दोन थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधली दोन समांतर कामे, एकाच वेळी हे फंक्शन वापरू लागले तर काय होईल, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. त्यावर उपाय म्हणून ‘गेटहोस्टबायनेम_आर’ आले. पण लिनक्सवर वापरल्या जाणाऱ्या ग्नूच्या सी लायब्ररीत त्याला सहा आर्ग्युमेंट लागतात, तर सोलारिस आणि एआयएक्स या दुसऱ्या युनिक्सांवर अनुक्रमे पाच आणि तीन. एकाच नावाची ही तीन फंक्शने सांभाळणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्ट ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना माझे दुःख कळेल. विंडोजने वेगळीच वाट धरली आणि प्रत्येक थ्रेडला त्याची स्वतःची जागा दिली. त्यामुळे तिथे नीट चालणारा कोड लिनक्सवर नेला की बिघडतो. युनिक्ससारख्या सिस्टिमसाठी असलेल्या पॉझिक्स प्रमाणकाने २००१ मध्ये मूळ फंक्शनला कालबाह्य ठरवले आणि २००८ च्या आवृत्तीत ते काढूनच टाकले.

त्याच्या जागी जे आले ते ‘गेटॲडरइन्फो’. आयपीव्ही६, म्हणजे सोळा बाइटांच्या पत्त्यांसाठी सॉकेटचा विस्तार करणाऱ्या १९९७ च्या आरएफसी २१३३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजात ते आहे आणि २००१ पासून पॉझिक्समध्ये आहे. विंडोजवर ते एक्सपीपासून मिळते. त्याला नाव, सेवा म्हणजे पोर्ट, आणि आपल्याला काय हवे आहे याच्या सूचनांचे एक स्ट्रक्चर द्यायचे. परत येते ती एक साखळी-यादी, आणि तिच्या प्रत्येक कडीत पत्त्याची जात, सॉकेटचा प्रकार, प्रोटोकॉल, पत्ता आणि पत्त्याची लांबी असते. म्हणजे सॉकेट उघडण्यासाठी आणि जोडणी करण्यासाठी जे जे लागते ते सगळे कडीतच असते. तुमच्या कोडला पत्ता चार बाइटांचा आहे की सोळा बाइटांचा, हे माहीत असण्याचे कारणच उरत नाही. माझ्या मते या फंक्शनचे खरे मोल थ्रेडच्या सुरक्षिततेपेक्षा यात आहे.

सूचनांच्या स्ट्रक्चरबद्दल थोडे सविस्तर बोलते, कारण चुका इथेच होतात. ते आधी पूर्ण शून्य करावे. मग पत्त्याची जात ‘एएफ_अनस्पेक’ ठेवावी, म्हणजे चार आणि सोळा बाइटांचे, अशा दोन्ही जातींचे पत्ते येतील. सॉकेटचा प्रकार मात्र आवर्जून सांगावा; तो रिकामा ठेवला तर लिनक्सवर एकच पत्ता साधारणपणे तीनदा येतो, आणि ‘यादीत पुनरावृत्ती का?’ असे विद्यार्थी मला विचारतात. आणखी एक बारकावा असा की, हे स्ट्रक्चर महिरपी कंसात क्रमाने किमती लिहून कधीही भरू नये. ग्नूच्या लायब्ररीत पत्त्याचा पॉइंटर आधी आणि अधिकृत नावाचा नंतर येतो, तर विंडोजवर तो क्रम उलटा आहे. प्रमाणकाने घटक ठरवले आहेत, त्यांचा क्रम नाही. म्हणून प्रत्येक घटक नावानेच भरावा.

यादी हाती आल्यावर ती पहिल्या कडीपासून शेवटपर्यंत चालत जायची. प्रत्येक कडीसाठी सॉकेट उघडायचे, जोडणी करून पाहायची, जमली नाही तर ते सॉकेट बंद करून पुढच्या कडीकडे वळायचे. यादीचा क्रम आपण बदलू नये. तो बहुतेक ठिकाणी आरएफसी ६७२४ च्या नियमांनी ठरलेला असतो. यादी मोकळी करायची ती एकदाच, आणि तीही फेरी पूर्ण झाल्यावर. यादी मिळालीच नसेल तर मोकळे करणारे फंक्शन बोलावू नये, कारण रिकाम्या पॉइंटरवर ते सगळीकडे गप्प बसेलच याची हमी प्रमाणक देत नाही.

चूक झाली तर तिचा कोड परत येतो तो थेट फंक्शनच्या उत्तरात. तो ‘एर्नो’ या सर्वसाधारण चूक-क्रमांकात शोधू नये. ‘ईएआय_नोनेम’ म्हणजे असे नावच नाही, तेव्हा पुन्हा विचारून उपयोग नाही. ‘ईएआय_अगेन’ म्हणजे या घडीला उत्तर मिळाले नाही. लाइट जाऊन राउटर पुन्हा सुरू होत असताना आपल्याकडे बहुधा हाच कोड येतो, आणि तेव्हा थोडे थांबून पुन्हा विचारणे योग्य असते. ‘ईएआय_सिस्टम’ आला तरच ‘एर्नो’ पाहावा, आणि हा कोड विंडोजवर नसल्यामुळे त्याभोवती ‘इफडेफ’, म्हणजे तो असेल तरच हा भाग घे अशी कंपायलरला सूचना, घालावे लागते. विंडोजवर नेटवर्कची सोय सुरू करणारे ‘डब्ल्यूएसएस्टार्टअप’ आधी बोलावले नसेल तर काहीच चालत नाही, हे वेगळे सांगायला नको.

अंकांतल्या पत्त्याचा एक सापळा आपल्या नोंदवहीच्या सवयीला धरून आहे. आकडे एका रांगेत दिसावेत म्हणून आपण पुढे शून्य लिहितो. ‘०१०.०.०.१’ असा पत्ता गेटॲडरइन्फोला दिला तर पुढच्या शून्यामुळे तो पहिला आकडा अष्टमान पद्धतीचा समजला जातो आणि हाती ‘८.०.०.१’ येते. पत्त्याचा मजकूर बाइटांत बदलणारे इनेट_पीटॉन हे फंक्शन मात्र अष्टमान मानत नाही. एकच मजकूर दोन फंक्शने दोन तऱ्हांनी वाचतात, आणि परवानगीच्या याद्या तपासणाऱ्या कोडमध्ये हा फरक धोक्याचा आहे.

‘स्टॅटिक लिंक केले, म्हणजे लायब्ररी प्रोग्रॅममध्येच भरली, की तो कुठेही चालतो’ असे मी अनेकदा ऐकते. ग्नूच्या लायब्ररीबाबत, निदान या फंक्शनपुरते, ते खरे नाही. नाव कुठे शोधायचे हे ‘एनएसस्विच.कॉन्फ’ या फाइलीवरून ठरते आणि त्यासाठीचे भाग प्रोग्रॅम चालू असताना उचलले जातात. लिंकर तशी सूचना देतो, आपण ती वाचत नाही.

वेळेचा प्रश्न मात्र प्रमाणकाने सोडवलेला नाही. गेटॲडरइन्फोला वेळेची मर्यादा सांगता येत नाही. लिनक्सवर एका विचारणीसाठी ५ सेकंद वाट पाहणे आणि २ वेळा प्रयत्न करणे हे मूळचे आकडे आहेत. नाव सांगणारे सर्व्हर गप्प असतील तर तेवढा वेळ तुमचा थ्रेड जागचा हलत नाही. ग्नूकडे यासाठी वेगळे फंक्शन आहे, पण ते इतरत्र नाही. सगळीकडे चालणारा मार्ग एकच, तो म्हणजे हे काम वेगळ्या थ्रेडकडे देणे. लिबयूव्ही ही लायब्ररी तेच करते. मुख्य थ्रेड कंटाळून पुढे गेला असेल तर यादी मोकळी करण्याची जबाबदारी त्या दुसऱ्या थ्रेडचीच राहते.

देवनागरी नावांविषयी कुणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. ‘.भारत’ हे नाव २०१४ पासून वापरात आहे, पण नाव पद्धतीच्या तारेवरून ते ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ या रूपात जाते. ग्नूच्या लायब्ररीला एक खास झेंडा (फ्लॅग) दिला तर ती हे रूपांतर स्वतः करते. हा झेंडा प्रमाणकात नाही. म्हणून रूपांतर आधीच एखाद्या लायब्ररीकडून करून घ्यावे आणि गेटॲडरइन्फोला साधी अक्षरेच द्यावीत. दोन टिंबांमधल्या शब्दाला ६३ ऑक्टेटची (बाइटांची) मर्यादा असते, आणि ती या रूपांतरित शब्दाला लागते.

माझा भावांचा प्रोग्रॅम मी या पद्धतीने पुन्हा लिहिला, तरी वर्षभराने तो एकदा अडलाच. सर्व्हरचा पत्ता बदलला होता आणि माझा प्रोग्रॅम सुरू होताना विचारलेली यादीच कवटाळून बसला होता. नावाचे उत्तर किती वेळ ग्राह्य धरावे हे नाव पद्धती सांगते, पण गेटॲडरइन्फो ती मुदत आपल्यापर्यंत पोहोचवत नाही. आता जोडणी तुटली की तो जुनी यादी टाकून देतो आणि नाव नव्याने विचारतो.