आझाद व्हिसा
नमस्कार श्रोतेहो. आज आमच्या बेळगावच्या वडगावातल्या एका पोराबद्दल बोलायचंय, तो 'बेकायदेशीर' झाला कसा त्याबद्दल. मागावर साड्या विणणारं घर, वडगाव-शहापूर-खासबागेत अशी घरं गल्लोगल्ली आहेत, मजुरी वाढेना म्हणून पोरगा 2022 ला सौदीला गेला, आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून एजंटला दीड लाख दिले. आपल्या सरकारच्या नियमानं एजंटला 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतंय, पण हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

त्याला दिला 'आझाद व्हिसा'. नाव ऐकून वाटतं कुठंबी काम करा, मोकळं. असला व्हिसा कुठल्या कायद्यातच नाही! कागदावर तो एका कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा निघतो त्या मालकाच्या घरचा ड्रायव्हर, आणि खरं काम दुसऱ्याच ठेकेदाराकडं टाइल्स बसवायचं, वर कफीलला दर महिन्याला पैसे द्यायचे, कशाबद्दल तर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, चालू ठेवल्याबद्दल.

आता घरचा ड्रायव्हरच का, सगळी गोम इथं आहे बघा. सौदीत लहान दुकानांसारखे अपवाद सोडले तर कंपनीला परदेशी कामगारामागं लेव्ही, म्हणजे सरकारी शुल्क, भरावं लागतं, 2020 ला ती माणशी महिन्याला 700-800 रियालवर गेली. घरकामाच्या व्हिसावर सौदी मालकाच्या घरात चार नोकर होईतो ती नाही. म्हणजे ठेकेदाराची लेव्ही वाचली, कफीलला बसल्या जागी पैसे, एजंटचं कमिशन सुटलं, आणि धोका सगळा पोराच्या माथ्यावर. 2021 ला नोकरी बदलायची थोडी मोकळीक दिली, पण घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्यातनं वगळले.

दोन महिने पैसे चुकले, कफीलनं 'हुरूब' टाकला, म्हणजे कामगार पळाला अशी तक्रार. झालं, एका रात्रीत बेकायदेशीर. तिकडं आपली माणसं अशाला 'खल्लीवल्ली' म्हणतात. ठेकेदारानं त्याला काढलं नाही हो, पगार निम्मा केला! हा आता कुठं तक्रार करणार हे त्याला पक्कं ठाऊक. मला राग येतो तो या निम्म्या पगाराचा.

सरकारांना कळत नाही असं नाही. 2017 ला सौदीनं 90 दिवसांची माफी काढली, दंड न भरता निघून जा म्हणाले. आपल्याकडं बाहेरनं येणारे पैसे 2022 ला 100 अब्ज डॉलरच्या वर गेले, त्याची बातमी मोठी होते. ते पैसे पाठवणारा कुठल्या कागदावर तिथं राहतोय ते कोण विचारत नाही.

पोरगा गेल्या वर्षी परत आला. एजंटनं पावतीच दिली नव्हती, पाटल्या अजून सोसायटीतच आहेत.

कुणी निघायच्या तयारीत असेल तर ई-मायग्रेट या आपल्या सरकारच्या वेबसाइटवर एजंटचा लायसन नंबर बघाच. आणि व्हिसावरचं अरबी वाचून घ्या. आमच्या गल्लीजवळच्या मशिदीतले मौलाना वाचून देतात, मी दोघा पोरांचे व्हिसे घेऊन गेलो होतो. एकाला एसी मेकॅनिक म्हणून सांगितलेलं, व्हिसा निघाला मेंढपाळाचा.