तोंड वाकडं झालं तर किती दिवस थांबायचं?

इंदूरच्या रामबागेतल्या या काकू कप ओठांच्या उजव्या कोपऱ्याला लावतात, डावीकडून चहा गळतो ना. पोह्यांचा घास डाव्या गालात अडकून बसतो, तो बोटानेच काढावा लागतो. कानाखालच्या गाठीचं ऑपरेशन झालं, त्यात चेहरा हलवणारी नसच (मज्जातंतू) कापावी लागली.

आपल्याकडे लगेच म्हणतात, तोंडावरून वारं गेलं. बेल्स पाल्सी, म्हणजे ठोस कारण न सापडता अचानक एका बाजूचा चेहरा लुळा पडणं, असेल तर बहुतेकांचा चेहरा काही महिन्यांत पूर्ववत होतो, पहिल्या 72 तासांत स्टेरॉइड सुरू झालं तर अजून चांगलं, त्यांना सर्जरी लागतच नाही. पण नसच कापली गेली असेल तर "मालिश करत राहा, होईल हळूहळू" हा सल्ला फार महागात पडतो हो. कारण नसेचा संबंध तुटला की चेहऱ्याचे स्नायू साधारण 12 ते 18 महिन्यांत सुकत जातात, मग नस जोडूनही उपयोग होत नाही.

त्याआधी गेलात तर पोटरीतली नस काढून तुटलेल्या टोकांच्या मध्ये जोडता येते, किंवा चावायच्या स्नायूची नस गालाच्या नसेला जोडतात, म्हणजे दात दाबले की ओठाचा कोपरा वर जातो, आरशासमोर रोज सराव करून करून काहींना न चावताही हसू जमायला लागतं.

उशीर झाला तरी मार्ग आहे. मांडीतला ग्रासिलिस स्नायू रक्तवाहिन्यांसकट गालात बसवतात, जपानच्या हारी आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये हे मांडलं. त्याला चांगल्या बाजूची नस द्यायची तर आधी ती चेहऱ्याच्या पलीकडे न्यावी लागते, नस दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढते, म्हणून दोन ऑपरेशनमध्ये 9 ते 12 महिने जातात. पण मग हसू दोन्हीकडे एकदमच येतं, मनापासून आलेलंसुद्धा.

वय झालंय, एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही, तर मांडीतून काढलेल्या चिवट पडद्याच्या पट्टीने ओठाचा कोपरा वर ओढून बांधतात. तो हलत नाही, पण चहा गळायचा बराच कमी होतो, हेही थोडं नाही.

आणि या सगळ्याच्या आधी डोळा! पापणी मिटली नाही तर बुबुळ कोरडं पडतं, जखम होते, नजर जाऊ शकते. थेंब, रात्री मलम आणि पट्टी, आणि गरज पडली तर वरच्या पापणीत साधारण 1 ग्रॅम सोन्याचं वजन बसवतात, मग ती स्वतःच्या भारानेच मिटते.

प्लास्टिक सर्जनकडे जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद, बायोप्सी रिपोर्ट, ईएमजी (स्नायू-नसांची विद्युत तपासणी) केलं असेल तर तेही न्या, आणि चेहरा कुठल्या तारखेला वाकडा झाला ते लिहून न्या, पुढचं सगळं त्याच तारखेवरून ठरतं.