मागची बाजू

(माहितीपटासाठी निवेदन)

[पडदा काळा. फक्त यंत्रमागांचा आवाज. दहा सेकंदांनी धोटा दिसतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे.]

भिवंडीत राहणाऱ्याला हा आवाज ऐकू येत नाही. ऐकू येतं ते त्याचं थांबणं. लाइट गेली की गल्ली एकदम मोकळी पडते आणि माणसं दारात येऊन उभी राहतात.

[कारखान्याची दुपार. बनियनवरचे कारागीर. बीम चढवणारी दोन माणसं. उन्हाच्या तिरिपेत तरंगणारं कापसाचं तूस.]

ताण्याबाण्याची उपमा या शहरात प्रत्येक भाषणात येते. शांततेचं भाषण असेल तर दोनदा. आम्ही ती वापरणार नाही. माग दाखवतो, कारण तो आमच्याकडे सुरेख टिपला गेलाय.

१८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन-अन्सारी विणकर इथं आले. तेलंगणातून पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर झालं. कोकणी मुसलमान आधीपासूनच होते, आणि भोवतालच्या गावांत आगरी, कोळी, कुणबी. आज मागावर उभा असलेला माणूस बहुतेक करून उत्तर प्रदेशचा नाहीतर बिहारचा.

[शाळांच्या पाट्या, एकामागून एक. देवनागरी. उर्दू. तेलुगू.]

म्हणून शाळांच्या पाट्या अशा. मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू. भाषा चार, लिप्या तीन. यातल्या चार शाळांतली मुलं २०२२ च्या पावसाळ्याच्या शेवटी एका सभागृहात आमच्या लायन्स क्लबाच्या स्पर्धेसाठी चित्रं काढायला बसली. ही फिल्म त्या एका दिवसाची आहे. आणि थोडी त्याच्या आधीच्या महिन्याची.

[टेबलावर मोजपट्टी. कार्डशीटचा गठ्ठा. एक मुलगी कागदाची लांबी मोजतेय.]

लायन्स क्लब ही १९१७ साली शिकागोत मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकानं उभी केलेली सेवासंस्था. भारतात पहिला क्लब १९५६ साली मुंबईत निघाला. नेत्रतपासणी शिबिरं, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया, यासाठी लायन्स आपल्याला माहीत असतात. पण १९८८ पासून ही संस्था जगभर मुलांची एक चित्रस्पर्धा घेते. विषय दरवर्षी वेगळा, पण शांततेभोवतीचा. वय ११, १२ किंवा १३, १५ नोव्हेंबरला जे भरलेलं असेल ते.

नियम वाचून दाखवतो, कारण पुढची सगळी गोष्ट नियमांतून निघाली.

कागद १३ बाय २० इंचांहून लहान नको, २० बाय २४ हून मोठा नको. वर काही चिकटवायचं नाही. फ्रेम नाही, लॅमिनेशन नाही. कोळसा किंवा खडू वापरला तर फवारा मारून रंग पक्का करायचा, पुसला जाता कामा नये. कागद गुंडाळून नळीत घालता आला पाहिजे. आणि चित्राच्या दर्शनी बाजूवर एकही अक्षर नको, एकही आकडा नको. नाव, शाळा, वय, सगळं मागच्या बाजूला.

हा शेवटचा नियम आम्ही आधी नीट वाचलाच नव्हता. मुलांनी वाचायला लावला.

[शाळेचा वर्ग. फळ्यावर घोषवाक्यं.]

आपल्याकडे पोस्टर म्हणजे घोषवाक्य. झाडे लावा, पाणी वाचवा, लेक वाचवा. चित्र म्हणजे घोषवाक्याच्या खाली उरलेली जागा. अक्षर काढायचं नाही म्हटल्यावर एका मुलानं विचारलं, "मग सर, कळणार कसं?" सरांकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

[मुलीचा हात. ब्रश पाण्यात. पाणी निळं होतं.]

त्या वर्षीचा विषय होता 'लीड विथ कम्पॅशन'. मराठी शाळेतल्या बाईंनी 'करुणा' सांगितलं. उर्दू शाळेतले सर 'हमदर्दी' म्हणाले. तेलुगू शाळेत 'दय' असा शब्द आला, शेवटचा अ पुरा उच्चारून. हिंदी शाळेनं 'दया' घेतला आणि वर्गात हसू फुटलं, कारण टीव्हीवरची दया सगळ्यांना पाठ.

अर्धा विषय भागला. पण 'लीड'?

[मुलगा चित्राकडे बोट दाखवतोय. चित्रात आठ माग आणि मधोमध एक माणूस.]

हे चित्र बघा. आठ माग, माणूस एक. मुलगा सांगतो, यातले चार माग पप्पांचे, चार शेजारच्या कारागिराचे. तो जेवायला गेलाय, म्हणून पप्पा दोन्हीकडे बघतायत. धागा तुटला तर माग थांबवायचा, जोडायचा, परत चालू करायचा. बाईंनी विचारलं, "यात लीड कोण करतंय?" मुलगा म्हणाला, "जो जेवायला गेला नाही तो."

[इथे निवेदन नाही. चित्र २० सेकंद तसंच राहू द्यावं.]

[सभागृह. सतरंज्या. मुलं आत येतायत.]

मुलं शाळेच्या रांगेनं आली आणि शाळेच्या घोळक्यानं बसायला लागली. हे होणारच होतं. कोविडची दोन वर्षं घरात काढलेली मुलं, त्यातली बरीचशी पहिल्यांदाच दुसऱ्या शाळेच्या पोरांच्या इतक्या जवळ.

[निळ्या टी-शर्टातली मुलगी, हातात यादी.]

ही आमची लिओ. लिओ क्लब म्हणजे लायन्सचा तरुण भाग. पहिला १९५७ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, शाळकरी मुलांचा निघाला. नाव तीन इंग्रजी शब्दांवरून आलं: लीडरशिप, एक्सपिरियन्स, ऑपॉर्च्युनिटी. आपल्याकडे लिओचं काम बहुतेक वेळा खुर्च्या मांडणं आणि पाहुण्यांना गुलाब देणं एवढंच असतं. हे आम्ही आमच्याबद्दलच बोलतोय. क्लबात दर १ जुलैला नवा अध्यक्ष येतो, पदग्रहण होतं, शाल-श्रीफळ होतं, बॅनरवर फोटो वाढत जातात, आणि वर्ष संपतं.

ही टीवायबीकॉमला आहे. चारही शाळांत ती तीन-तीन वेळा जाऊन आली. दोन शाळांनी आधी नाही म्हटलं होतं. तिनं त्यांना काय सांगून वळवलं, ते शूट झालेलं नाही, आणि विचारलं तर ती हसते.

[यादी. जन्मतारखांचा रकाना. लिओ मुलांना उठवून नव्यानं बसवतेय.]

पण हे शूट झालंय. वयाच्या अटीसाठी प्रत्येकाची जन्मतारीख बघायचीच होती. तिनं त्याच यादीवरून मुलांना बसवलं. जानेवारीवाले खिडकीशी, फेब्रुवारीवाले त्यांच्यामागे, डिसेंबरवाले दाराशी. शिक्षकांना काही म्हणायला वाव राहिला नाही, कारण तारीख तपासणं नियमातच होतं. अध्यक्षांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारलं, "ही कल्पना कुणाची?" कुणाचीच नव्हती. ती विचारायला आलीच नाही.

[मार्चची रांग. दोन मुली, पाण्याचा एकच ग्लास. पिवळा रंग इकडून तिकडे.]

[खाली वाकलेली डोकी. वरून घेतलेलं दृश्य.]

आता चित्रं. कबुतरं मोजायला घेतली, सोळा झाल्यावर सोडून दिलं. दोन हातांत पृथ्वी, तीही बरीच. कबुतर आणि पृथ्वी शाळाच शिकवते, त्यात मुलांचा काय दोष. पण तासाभरानं सवयीचं संपलं. तळहात, पृथ्वी, तिरंगा सगळं काढून झालं आणि कागद अजून अर्धा रिकामा. तिथून पुढे मुलं भिवंडी काढायला लागली.

[एकेक चित्र. घाई न करता.]

पावसात तुंबलेला कल्याण नाका, आणि दुसऱ्याच्या रिक्षाला धक्का मारणारा रिक्षावाला. वऱ्हाळादेवी तलावाची पायरी. एका म्हातारीला रस्ता ओलांडून देणारा पोलीस. पोलिसाचं पोट मुलानं फार मन लावून काढलंय. नमाजाच्या वेळी बंद ठेवलेला एक माग आणि त्याच्यावर झोपलेली मांजर.

[बाजाराचं चित्र. बराच वेळ.]

आणि हा बाजार. दुकानं, गर्दी, हातगाड्या, भाजीची टोपली डोक्यावर घेतलेली बाई. प्रत्येक दुकानावर पाटी आहे आणि एकाही पाटीवर काही लिहिलेलं नाही. अक्षर चालत नाही, म्हणून मुलीनं पाट्या कोऱ्या ठेवल्या. नियम पाळला, बस. भिवंडीच्या माणसाला या चित्रापुढे उभं केलं की तो नकळत पाटी वाचायला डोळे बारीक करतो. दुकान कुणाचं ते कळत नाही. आत काय मिळतं ते कळतं.

[दारात एक वयस्कर गृहस्थ. पांढरा सदरा. हळूहळू चित्रांमधून चालतायत.]

हे एका कारखान्यात मेता होते. हिशेब लिहायचे. इकडच्या गल्लीत त्यांना काका म्हणतात, पलीकडच्या गल्लीत चाचा. आम्ही त्यांना फक्त बक्षिसं द्यायला बोलावलं होतं. ते दोन तास आधी आले.

[काका-चाचा खुर्चीवर. मागे खिडकी.]

या शहरानं १९७० आणि १९८४, अशा दोन मोठ्या दंगली पाहिल्या. १९८८ साली पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. शांतता समिती तेव्हाही होती. तिच्यात शहरातले प्रतिष्ठित असायचे, सणाच्या आधी बैठक व्हायची, चहा व्हायचा. खोपड्यांनी समिती मोहल्ल्यात नेली. सत्तरच्या आसपास समित्या झाल्या. हिंदू-मुसलमान समसमान, सोबत पोलीस. पुढारी शक्यतो नकोत. पानवाला, कारागीर, रिक्षावाला, दुकानदार. आणि बैठक तणाव नसतानाही घ्यायची, हे मुख्य.

"आमची पहिली मीटिंग गटारावर झाली," ते सांगतात. "म्हणजे गटाराच्या विषयावर. दंगलीचं नाव कुणी काढलं नाही. दुसरी नळाच्या भांडणावर. तिसरीला मी विचारलं, साहेब, हिंदू-मुसलमानाचा विषय कधी घ्यायचा? ते हसले."

[त्यांचे हात. बोटांनी ते माणसं मोजतायत.]

वर्षा-दोन वर्षांत असं झालं की अफवा आली तर कुणाला विचारायचं हे प्रत्येकाला माहीत होतं. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचं नाव माहीत होतं, घर माहीत होतं, त्याच्या मुलाचं लग्न कुठं अडलंय तेही माहीत होतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसं मेली. ट्रॅफिक नसेल तर मुंबई इथून तासाभरावर. भिवंडीत दंगल झाली नाही.

पुढे समित्या होत्या तशा राहिल्या नाहीत. २००६ च्या जुलैमध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, माणसं गेली, त्यात दोन पोलीसही होते.

[काका-चाचा पुन्हा चित्रांमध्ये. मार्चच्या रांगेपाशी थांबतात.]

त्यांनी आमच्या लिओला विचारलं, मुलं अशी मिसळून कुणी बसवली. तिनं जन्मतारखांची यादी दाखवली. त्यांनी चष्मा लावून पूर्ण यादी वाचली, जुन्या वहीतले आकडे तपासावेत तशी. मग म्हणाले, "माझा मार्च." आणि जाऊन मार्चच्या रांगेत सतरंजीवर बसले.

[इथे निवेदन नाही. ४० सेकंद. पार्श्वसंगीतही नको.]

[नळी. तिच्यात गुंडाळून जाणारं एक चित्र.]

निवड झाली त्या दिवशी कॅमेरा दुसऱ्या कामावर होता. तीन गोष्टी बघितल्या जातात: कल्पनेतला नवेपणा, चित्रातलं कसब आणि विषय किती उतरला. क्लबकडून एक चित्र डिस्ट्रिक्टला, म्हणजे लायन्सच्या अनेक क्लबांच्या गटाला, जातं, तिथून मल्टिपल डिस्ट्रिक्टला, म्हणजे अशा अनेक गटांच्या मोठ्या गटाला, तिथून अमेरिकेला. जगातून २४ निवडली जातात, एक पहिलं आणि २३ उत्तेजनार्थ. आठ मागांचं चित्र आम्ही पाठवलं. डिस्ट्रिक्टपुढे गेलं नाही. पुढच्या वर्षी दोन शाळा आल्या.

[सभागृह, त्याच दिवशी संध्याकाळी. मुलं गेलीत. सगळे कागद जमिनीवर वाळत पसरलेले. बाहेर मागांचा आवाज.]

हे शूट आम्ही ठरवून केलेलं नाही. कॅमेरा चालूच राहिला होता. चित्रं शाळांना परत द्यायची होती, टेम्पो साडेसहाला येणार होता. शिक्षक आपापल्या शाळेची चित्रं उचलायला लागले. उर्दू शाळेच्या सरांनी मिनार असलेला कागद लगेच उचलला. उलटून पाहिला. तेलुगू शाळेचा. मराठी शाळेच्या बाईंनी ढोल-ताशाचं चित्र उचललं, उलटलं आणि न बोलता उर्दूच्या सरांकडे दिलं. पाचसहा वेळा असं झाल्यावर दोघंही बाजूला झाले आणि लिओला म्हणाले, तूच बघ.

[लिओ गुडघ्यांवर. एकेक कागद उचलते, उलटते, मागचं नाव वाचते, चारपैकी एका गठ्ठ्यावर ठेवते.]

[बाजाराचं चित्र तिच्या हातात. चित्राची बाजू आपल्याकडे.]

हा शेवटचा कागद. कॅमेरा समोर आहे, त्यामुळे नाव आपल्याला दिसत नाही. तिला दिसतं. ती तो तिसऱ्या गठ्ठ्यावर ठेवते आणि दोरा शोधायला उठते.

[टेम्पोचा हॉर्न.]